नऊ नंबरच्या टेबलावरचं भांडण

डायनिंग हॉलमध्ये आपण आपल्या मर्जीने बसतो, असं क्लबातल्या प्रत्येकाला वाटे. हा समज कॅप्टनने एकतीस वर्षं मेहनतीने जोपासला होता.

कॅप्टन म्हणजे हॉलचा मुख्य वेटर. जहाज त्याने जिन्यातल्या तैलचित्रापलीकडे कधी पाहिलं नव्हतं. दुपारी साडेबाराला तो दाराशी उभा राही, येणाऱ्याकडे बघून मान किंचित झुकवी आणि चालू लागे. येणारा मुकाट मागोमाग जाई आणि कॅप्टनने ओढलेल्या खुर्चीत बसे. छापील नियमांच्या पुस्तकात असं कुठे लिहिलं नव्हतं, आणि बहुधा म्हणूनच सगळे ते पाळत.

क्लब शंभर वर्षांचा. गावातल्या आणखी जुन्या क्लबाने ज्यांना आत घेतलं नाही अशा बारा जणांनी तो काढला, आणि पहिल्याच सभेत आपण कोणाकोणाला आत घ्यायचं नाही याची यादी केली. वर चौदा खोल्यांचं हॉटेल, खाली वाचनालय, बिलियर्डची खोली आणि बावीस टेबलांचा हॉल. अशा जागी माणसं जेवायला कमी आणि एकमेकांना सहन करायला जास्त येतात. कॅप्टनचं काम हे सहन करणं सोपं करण्याचं होतं. हवामान खात्यातून निवृत्त झालेल्या साहेबांना पावसाविषयी कोणी विचारलेलं खपत नसे, म्हणून त्यांच्या शेजारी ठार बहिरे वकील. शिकारीसाहेबांनी तरुणपणी मारलेलं अस्वल दर वर्षी वीतभर वाढत असे, म्हणून त्यांना नेहमी हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांबरोबर. पाहुणे दोन दिवसांत जात, अस्वल राही.

नोकरवर्गही काही कमी नव्हता. जुना लिफ्टवाला दुसऱ्या मजल्यावरच्या सफाईवालीशी अबोला धरून होता, तेव्हा त्याने चार वर्षं दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबवली नाही. पाहुणे तिसऱ्यावर उतरून एक जिना खाली येत. पुढे त्या दोघांचं लग्न ठरलं आणि लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरून हलेना. मोठे आचारी तर पुडिंग परत आलं की स्वतः बाहेर येत, परत पाठवणाऱ्याच्या समोर बसत आणि त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून ते शेवटच्या चमच्यापर्यंत खात. कोणी दुसऱ्यांदा परत पाठवल्याचं कॅप्टनला आठवत नव्हतं.

पण या सगळ्या पसाऱ्यात कॅप्टनचा खरा मानबिंदू म्हणजे दाताचं भांडण.

एकोणीस वर्षांपूर्वी क्लबाचे सभासद असलेले दंतवैद्य, ज्यांना सगळे नुसते डॉक्टर म्हणत, यांनी मोजणी खात्यातल्या साहेबांचा एक दात काढला. घरी गेल्यावर मोजणीसाहेबांच्या लक्षात आलं की दुखणारा दात आहे तिथेच आहे. डॉक्टर म्हणाले, तुम्हीच बोट दाखवलंत. मोजणीसाहेब म्हणाले, जन्मभर जमिनी मोजल्या, मला माझ्या तोंडातली हद्द कळत नाही का. त्या दिवसापासून दोघांत विळ्याभोपळ्याचं सख्य. कॅप्टनने एकाला पूर्वेच्या खिडकीपाशी बसवलं, दुसऱ्याला पश्चिमेच्या. मधे चौदा टेबलं, दोन खांब आणि पितळी कुंडीतलं एक मोठं झाड. झाडाची पानं एकदा गळायला लागली तेव्हा कॅप्टनने स्वतःचा वेळ खर्चून रोज त्याला पाणी घातलं. एकोणीस वर्षांत त्या दोघांची नजरानजर झाली नव्हती, याची तो शपथ घ्यायला तयार होता.

शंभरावं वर्ष लागलं आणि नवे मॅनेजर आले. हॉटेल चालवण्याचं शिक्षण घेऊन आलेले, हसतमुख, आणि कोणालाही न दुखावता वाईट बातमी देण्याची पदविका असावी असे.

"कॅप्टन, तुमच्या अनुभवाचा मला फार आदर आहे," ते म्हणाले. तेव्हाच कॅप्टनने काय ते ओळखलं.

बेत असा होता. शताब्दीच्या रविवारी सभासद आणि हॉटेलातले पाहुणे मिळून अठ्ठ्याऐंशी जणांचं जेवण. जागा कॉम्प्युटर लावणार, सभासदांच्या सभासद-क्रमांकाप्रमाणे, पाहुण्यांच्या खोलीच्या. सगळं सुरळीत झालं की पुढे रोजचंच तसं होईल, आणि हॉलला कॅप्टनची गरज उरणार नाही.

"मग मी?"

"लिनन-रूममध्ये मदतनीस. चादरी, टॉवेल, नॅपकिन. बसून काम आहे."

"तिथे मुख्य कोण आहे, माहीत आहे ना साहेब?"

मॅनेजरांनी कागद पाहिला. "तुमच्या मिसेस. उलट बरंच की, घरच्यासारखं."

"तीच अडचण आहे," कॅप्टन म्हणाला.

प्रकरण अध्यक्षबाईंकडे गेलं. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका. कमिटीत बोलायचं असलं तर आजही लोक हात वर करत. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला: रविवारी यंत्र जागा लावेल. कुठे वादावादी झाली नाही तर मॅनेजर बरोबर. झाली तर कॅप्टन बरोबर. मधल्यामधे कोणी नाक खुपसायचं नाही.

बुधवारी तक्ता लागला. कॅप्टनने चष्मा पुसून वाचला. नऊ नंबरच्या टेबलावर, खुर्चीला खुर्ची लावून, डॉक्टर आणि मोजणीसाहेब. त्याने तक्ता दोनदा वाचला आणि त्याच्या मनात यंत्राविषयी पहिल्यांदाच आदर निर्माण झाला.

चहाच्या सुट्टीत तो लिनन-रूममध्ये गेला. बायको नॅपकिनांच्या घड्या मोजून गठ्ठे बांधत होती.

"रविवारी बघ तू," तो म्हणाला. "सूप संपायच्या आत नऊ नंबरवर रणकंदन होतंय की नाही. डॉक्टर आणि मोजणीसाहेब शेजारीशेजारी."

"मग काय झालं?"

"अगं, ते एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

बायकोने गठ्ठ्याची गाठ मारली, दातांनी दोरी तोडली आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, ते दर गुरुवारी मासे पकडायला जातात. दोघं. घडीच्या खुर्च्या घेऊन."

"कोण दोघं?"

"तुमचे वैरी. जेवण झालं की एक पुढच्या दाराने निघतात, दुसरे दहा मिनिटांनी. आणि मागच्या फाटकाशी भेटतात. ही खिडकी फाटकावरच आहे ना. सोळा-सतरा वर्षं तरी बघतेय."

कॅप्टन टॉवेलांच्या ढिगावर बसला. ढीग खचला.

"मला कधी बोलली नाहीस ते?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. कॅप्टन तुम्ही. उठा तिथून, इस्त्रीचे आहेत."

"आणि रविवारी काही झालं नाही, तर मी इथे येतोय. तुझ्या हाताखाली."

बायकोचा हात पहिल्यांदा थांबला. "इथे? दिवसभर?" तिने खोलीभर नजर फिरवली, जणू कुठे अडगळीला जागा आहे का पाहत होती. "घरी असता तेवढे पुरे आहात हो."

गुरुवारी कॅप्टन मागच्या फाटकाशी कचऱ्याच्या डब्याआड उभा राहिला. आधी मोजणीसाहेब आले, हातात गळाच्या काठ्या. मग डॉक्टर, काखेत दोन घडीच्या खुर्च्या आणि हातात आमिषाचा डबा.

"उशीर केलात."

"तुमच्या त्या कॅप्टनने कॉफी आणली दुसऱ्यांदा. नाही कसं म्हणणार?"

"आपल्या कॅप्टनने," मोजणीसाहेब म्हणाले, आणि त्याच वेळी त्यांना डब्यामागे आपला कॅप्टन दिसला.

तिघांपैकी कोणी पळून जाण्याच्या वयाचं नव्हतं.

"मिटलं कधी?" कॅप्टनने शेवटी विचारलं.

"दुसऱ्याच वर्षी," मोजणीसाहेब म्हणाले. "मी नीट आठवून पाहिलं. म्हटलं, तोंड सुजलेलं, डोक्यात कळा, बोट माझंच चुकलं असणार. हे आपलं बोट दाखवून अवलक्षण. गेलो यांच्या दवाखान्यात, सरळ माफी मागितली. बरोबर एक फाउंटनपेनही नेलं."

"छान पेन आहे," डॉक्टर म्हणाले, आणि आमिषाच्या डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं.

"मग हॉलमध्ये सांगायचं नाही का?"

"सांगणार होतो हो," मोजणीसाहेब म्हणाले. "पण तोवर तुम्ही मला पूर्वेची खिडकी दिली होती. भांडण मिटलं म्हटल्यावर तुम्ही मला कुठे बसवलं असतं?"

कॅप्टनने प्रामाणिकपणे विचार केला. "स्वयंपाकघराच्या दाराशी."

"बघा."

"आणि तुम्ही इतक्या मनापासून सांभाळत होतात," डॉक्टर म्हणाले. "ते झाड काय, ते खांब काय. तुमचा हिरमोड करणं जिवावर आलं. म्हटलं, चाललंय ते चालू दे."

मग कॅप्टनने त्यांना रविवारचं सांगितलं. यंत्र, तक्ता, नऊ नंबर, लिनन-रूम. बायको मुख्य आहे, हे ऐकल्यावर दोन्ही लग्न झालेल्या पुरुषांनी काही क्षण मान खाली घातली.

"एवढंच ना," मोजणीसाहेब म्हणाले. "भांडू."

"मी असं काही सुचवलेलं नाही," कॅप्टन म्हणाला.

"नाहीच. तुम्ही डब्यामागे होतात. आम्ही तुम्हाला पाहिलंसुद्धा नाही."

रविवारी हॉल गच्च भरला. मॅनेजर दाराशी हातात तक्ता घेऊन उभे, सभासद आपापले नंबर वाचून खुर्च्या शोधताहेत, आणि कॅप्टन एकतीस वर्षांत पहिल्यांदा भिंतीला पाठ लावून नुसता उभा. सूप वाढलं. कॅप्टनचं लक्ष नऊ नंबरवर.

तिथे भलतंच चाललं होतं. दोघांना भांडता येत नव्हतं. सवयच गेली होती.

"डॉक्टर, जरा मीठ."

"घ्या ना. मिरपूड देऊ?"

"नको, नको. तुम्ही घ्या आधी."

कॅप्टन पाण्याचा जग घेऊन जवळून गेला आणि खाकरला. दोघं भानावर आले. मोजणीसाहेबांनी चमचा मोठ्याने खाली ठेवला.

"सूप गार आहे," ते डॉक्टरांकडे रागाने बघून म्हणाले.

"ते काय मी केलंय?" डॉक्टर म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. त्यांनी नॅपकिन तोंडाला लावला. शेजारच्या बाईंना वाटलं, ठसका लागला. त्यांनी पाठ थोपटली. दाराशी मॅनेजर तक्त्यावर बरोबरच्या खुणा करत होते.

मासे आले. मासे संपत आले. आता पुडिंग, कॉफी, आणि उद्यापासून चादरी. मोजणीसाहेबांनाही ते कळलं असावं. त्यांनी काटा आपटला आणि ते उभे राहिले. आवाज या खेपेला चांगला लागला.

"एकोणीस वर्षं झाली. या माणसाने माझा धडधाकट दात उपटला, आणि वर मलाच सांगतो, बोट तुझं चुकलं."

हॉल शांत झाला. बहिऱ्या वकिलांनीही चमचा थांबवला. डॉक्टर उभे राहिले. लोक बघत आहेत म्हटल्यावर त्यांच्या अंगात नट संचारला, आणि नट संचारला की माणूस तोंडाला येईल ते बोलतो.

"होय, उपटला," ते म्हणाले. "चुकीचाच उपटला. बोट तुमचं बरोबर होतं. एक्स-रे मी उलटा धरला होता. दात बाहेर आला तेव्हाच मला कळलं. बोला, काय म्हणणं आहे?"

बाकीच्यांना यातली नुसती आरडाओरड ऐकू आली. कॅप्टनला मात्र त्यानंतरची शांतता ऐकू आली. डॉक्टर तोंड उघडं ठेवून उभे होते. बोलून गेल्यावर त्यांच्याही लक्षात आलं होतं की आपण शब्द न शब्द खरा सांगितला आहे.

"उलटा?" मोजणीसाहेब हळूच म्हणाले. इतकं हळू की फक्त पाण्याचा जग घेऊन शेजारी उभ्या असलेल्या कॅप्टनला ऐकू जावं. "मी तुमच्या दवाखान्यात येऊन माफी मागितली."

"मागितलीत."

"तुम्ही म्हणालात, होतं असं माणसाकडून."

"होतंच ना," डॉक्टर अगदीच क्षीण आवाजात म्हणाले.

"आणि पेन घेतलंत."

मोजणीसाहेबांनी माशाची बशी उचलली आणि ते दुसरी जागा शोधत निघाले. पण यंत्राने एकही खुर्ची मोकळी ठेवली नव्हती. बशी हातात धरून ते हॉलभर फिरले, आणि जिथे जिथे थांबले तिथे लोकांनी सरकून जागा करायचा प्रयत्न केला. सरकताना प्रत्येकाला आपल्या शेजारी कोण बसलंय हे नीट दिसलं. आतापर्यंत सगळे सभ्यपणे बशीत बघून जेवत होते. हवामानसाहेबांना शिकारीसाहेबांनी विचारलं की आज पावसाचं काय. हवामानसाहेबांनी विचारलं की अस्वल आता छताला लागतं का. पाचव्या मिनिटाला सात टेबलांवर आवाज चढले होते आणि वाढपी पुडिंगच्या बश्या ढालीसारख्या धरून उभे होते.

"कॅप्टन," अध्यक्षबाई जागेवरूनच म्हणाल्या, "वर्ग सांभाळा."

कॅप्टनने मान झुकवली आणि तो चालू लागला. अकरा माणसं हलवली. शिकारीसाहेबांना हॉटेलातल्या पाहुण्यांकडे, वकिलांना हवामानसाहेबांकडे, मोजणीसाहेबांना पूर्वेच्या खिडकीशी. कॉफी येईपर्यंत हॉलमध्ये पुन्हा शंभर वर्षांची शांतता होती. मॅनेजर तक्त्याची घडी घालत होते. त्यांच्याबद्दल एवढं म्हणावंच लागेल की त्यांनी घडी व्यवस्थित घातली.

"जागा कॅप्टनच लावतील," अध्यक्षबाई त्यांना म्हणाल्या. "तुमच्या यंत्राकडून खोल्यांच्या किल्ल्यांची यादी करून घ्या. किल्ल्या भांडत नाहीत."

त्या दिवशी कॅप्टन घरी गेला तो जिंकून. जेवला मात्र कमी. बायकोने ते पाहिलं.

सोमवार, मंगळवार, बुधवार. पूर्वेला मोजणीसाहेब, पश्चिमेला डॉक्टर, मधे झाड. सगळं एकोणीस वर्षांसारखंच, फक्त आता ते खरं होतं. डॉक्टर सूप अर्धं टाकत. मोजणीसाहेब खिडकीबाहेर पाहत, पण बाहेर काही मोजण्यासारखं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी बायको म्हणाली, "आज मोजणीसाहेब फाटकाशी पाच मिनिटं उभे होते. काठ्या नव्हत्या हातात. डॉक्टर पलीकडच्या कोपऱ्यावर, हातात तो आमिषाचा डबा. मग दोघं आपापल्या वाटेने गेले."

कॅप्टन बुटांच्या नाड्या सोडत राहिला.

"तुमची नोकरी राहिली," ती म्हणाली. "त्यांचा गुरुवार गेला. मी आपलं दिसलं ते सांगितलं. जागा लावणं माझं काम नाही."

शुक्रवारी साडेबाराला कॅप्टनने पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या दोन्ही टेबलांवर 'राखीव' अशी पाटी ठेवली. हॉलमध्ये एकूण नऊ माणसं होती. मोजणीसाहेब आले; कॅप्टनने मान झुकवली आणि त्यांना मधल्या, झाडाखालच्या, दोघांच्या छोट्या टेबलापाशी नेलं. पाच मिनिटांनी डॉक्टर आले. त्यांनाही तिथेच नेलं आणि समोरची खुर्ची ओढली.

डॉक्टरांनी जवळजवळ रिकाम्या हॉलकडे पाहिलं. मोजणीसाहेबांनीही पाहिलं. मग दोघांनी कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टनच्या चेहऱ्यावर इस्त्रीच्या नॅपकिनाइतकाच भाव होता. डॉक्टर बसले.

सूप आलं. तेवढ्यात मॅनेजर दारातून डोकावले, टेबल पाहिलं आणि लगबगीने कॅप्टनजवळ आले.

"अहो, त्या दोघांना एकत्र? रविवारी काय झालं विसरलात?"

"मुद्दाम बसवलंय साहेब."

"पण वैरी ना ते?"

"काही भांडणं लांब बसवून सांभाळायची असतात, काही जवळ बसवून. कुठलं कोणतं, हे मागच्या आठवड्यापर्यंत मलाही नीट माहीत नव्हतं."

मॅनेजरांनी खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. माणूस शिकणारा होता.

तिकडे पुडिंग आलं. डॉक्टरांनी कोटाच्या खिशातून पेन काढून टेबलावर, बरोबर मध्यावर ठेवलं. मोजणीसाहेबांनी ते पाहिलं, पण उचललं नाही.

"आणि तो खरा दुखणारा?" त्यांनी विचारलं. "त्याचं काय झालं?"

"तो पुढच्या वर्षी मीच काढला की. तुम्ही माफी मागायला आलात, त्याच दिवशी."

"म्हणजे माफी मागून वर आणखी एक दात दिला मी."

"काढला मात्र छान होता."

मोजणीसाहेबांनी पुडिंगचा एक घास घेतला, आणि तो तोंडात तसाच ठेवून गालाला हात लावला.

"आता त्याच्या पलीकडचा दुखतोय," ते म्हणाले. "सोमवारपासून. दुसऱ्या कोणाकडे जावं असं होतं मनात."

"गेलात?"

"नाही."

"बघू."

"इथे?"

"तोंड उघडा हो. मला बोट नकोय तुमचं, मीच शोधतो."

डॉक्टरांनी चमचा पुसला आणि ते त्याची पाठ आरशासारखी धरून समोरच्या उघड्या तोंडात, खिडकीतल्या उजेडाकडे वळवत, वाकून पाहायला लागले. डायनिंग हॉलमध्ये कोणत्याही सभासदाने आपला व्यवसाय करू नये, असा नियम होता. तो मात्र छापील पुस्तकात होता. मॅनेजरांनी ते दृश्य पाहिलं आणि पाऊल उचललं. कॅप्टनने त्यांच्यासमोर मान किंचित झुकवली आणि तो दुसऱ्याच दिशेने चालू लागला, हॉलच्या पार त्या टोकाला. मॅनेजर क्षणभर घुटमळले आणि मग मुकाट त्याच्या मागोमाग गेले.